कोफ्ता, कोफ्त आणि कोफ्तगरी

रोजा सुटायला तासाभराचा अवकाश असतो. जळगावचा भिलपुरा असो की धुळ्याचे मौलवीगंज, या वेळी स्वयंपाकघरांतून ठेचण्या-कुटण्याचे आवाज येऊ लागतात. आले-लसूण खलबत्त्यात पडते, खसखस आणि डाळे कुटले जाते, खिमा पुन्हा पुन्हा मळून त्याचे लिंबाएवढे गोळे वळले जातात. हे कोफ्ते. त्याच संध्याकाळी गावाच्या दुसऱ्या टोकाला एखाद्या शाकाहारी घरात दुधी किसून, पिळून, बेसनात कालवून गोळे तळले जात असतात. त्यांचेही नाव कोफ्तेच. चुली वेगळ्या, चवी वेगळ्या, शब्द मात्र एक.

या शब्दाचा एक सख्खा भाऊ गेल्या वर्षी मराठी वर्तमानपत्रांत अगदी अनपेक्षित ठिकाणी दिसला. नागपूरकर भोसल्यांचे मूळ पुरुष रघुजी भोसले (पहिले) यांची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सोथबीज या लिलाव संस्थेत विक्रीला निघाली. महाराष्ट्र शासनाने ती सुमारे ४७ लाख रुपये खर्चून मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. तिच्या वर्णनात एक शब्द होता: कोफ्तगरी. मुठीवर सोन्याची कोफ्तगरी आहे, असे जाणकारांनी सांगितले. वाचकांपर्यंत मात्र हा शब्द क्वचितच पोहोचला. कुणी ‘सोन्याचे पाणी’ लिहिले, कुणी ‘सोन्याचा मुलामा’, कुणी नुसतेच ‘नक्षीकाम’. कोफ्तगरी म्हणजे यातले नेमके कोणते, हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

रमजानच्या दस्तरख्वानावरचा कोफ्ता आणि सेनासाहेबसुभ्यांच्या तलवारीवरची कोफ्तगरी यांचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो साध्या घणाच्या घावाइतका सरळ आहे.

कुटणे, ठोकणे, घडवणे

फार्सीत ‘कोफ्तन’ म्हणजे कुटणे, ठोकणे, ठेचणे. त्यावरून ‘कोफ्ता’ म्हणजे कुटलेला. मांस कुटून केलेला गोळा तो कोफ्ता. हा शब्द इराणातून पश्चिमेला गेला तेव्हा तुर्कस्तानात ‘कोफ्ते’ झाला, अरब मुलखात ‘कुफ्ता’ झाला. पूर्वेला आला तो हिंदुस्थानच्या शाही मुदपाकखान्यापासून महामार्गावरच्या ढाब्याच्या फळ्यावरील ‘मलई कोफ्ता’पर्यंत पोहोचला. मलई कोफ्त्यात कुटण्यासारखे काही उरले नाही, पण नाव जुन्या खलबत्त्याची आठवण धरून आहे.

याच ‘कोफ्त’ला ‘गर’ जोडला की कोफ्तगर होतो. ‘गर’ म्हणजे करणारा. फाटलेल्या कापडात बेमालूम धागे भरणारा तो रफूगर, तसा धातूवर धातू ठोकून बसवणारा तो कोफ्तगर, आणि त्याचे काम ती कोफ्तगरी.

या क्रियापदाचे दुसरे रूप ‘कोब’ असे आहे. उर्दू दैनिकांत मारहाणीच्या बातमीत ‘जद-ओ-कोब’ हा शब्द नेहमी येतो, त्यातला ‘कोब’ हाच. बंडखोरांचे डोके ठेचणे ही ‘सरकोबी’. पाय आपटत नाचणे ही ‘पायकोबी’. आणि सोने-चांदी ठोकून कागदाहून पातळ वर्ख करणारा तो ‘जरकोब’. ईदच्या शीरखुर्म्यावर किंवा दिवाळीच्या काजूकतलीवर जो चांदीचा वर्ख थरथरतो, तोही याच ठोकण्याची करामत.

इथे मराठी माणसाला ‘कुटणे’ आठवल्याशिवाय राहत नाही. कोफ्तन आणि कुटणे, अर्थ एक, सुरुवातीचे अक्षर एक. पण नुसता ध्वनी जुळला म्हणजे नाते जुळत नाही. फार्सीतला ‘कोफ्त-कोब’ आणि आपल्याकडचा ‘कुट्ट’ ही दोन वेगळी घराणी मानणेच सुरक्षित. शेजारी राहून चेहरे सारखे वाटू लागतात, तसे हे दोन शब्द.

कोफ्तगराच्या हाताखाली

कोफ्तगरी समजून घ्यायची तर आधी मुलामा समजून घ्यावा, कारण तो सगळ्यांच्या ओळखीचा आहे. जळगावच्या सराफ बाजारात अस्सल दागिन्यांची दुकाने आहेत तशी ‘एक ग्राम’च्या दागिन्यांचीही आहेत. हलक्या धातूवर सोन्याचा पातळ थर चढवला की झाला मुलामा. पूर्वी हे काम पाऱ्याने होई, आता विजेने होते. यात थर चढतो, पण धातूच्या अंगात शिरत नाही. वापरून वापरून कडा उघड्या पडतात आणि खालचे पितळ दिसू लागते. ‘वरवरचा मुलामा’ हा वाक्प्रचार मराठीत रुळला तो याच अनुभवातून.

कोफ्तगर दुसऱ्या वाटेने जातो. त्याच्यासमोर पोलाद असते: तलवारीची मूठ, खंजिराचे पाते, ढालीची फुले. तो पोलाद साफ करून तापवतो आणि मग धारदार सुरीने त्याच्या पृष्ठभागावर बारीक ओरखडे काढतो. एका दिशेने, मग आडवे, मग तिरपे. डोळ्याला ती खरबरीत जाळी जेमतेम दिसते, पण बोट फिरवले तर कानशीसारखी लागते. त्या जाळीवर तो सुईने वेलबुट्टी रेखतो. मग केसासारखी बारीक सोन्याची तार त्या रेषेवर धरतो आणि लहानशा हातोडीने हळूहळू ठोकत जातो. सोने मऊ असल्याने पोलादाच्या दातऱ्यांत जाऊन अडकते. रेषा रुंद हवी असेल तर तारेशेजारी तार. काम पुरे झाले की वस्तू पुन्हा तापवायची आणि अकीकाच्या दगडाने घोटायची. घोटल्यावर सोने चमकते, आणि सोन्याबाहेरचे पोलाद निळसर-काळे राहते.

डिंक नाही, डाक नाही, पाणी नाही. पोलादाला आधी ओरखडले नसते तर सोने टिकले नसते. गुळगुळीत पोलादावर सोने कितीही ठोका, ते सुटून येईल.

या कामाची आणखी खोल जात म्हणजे ‘तहनिशान’. तह म्हणजे तळ, निशान म्हणजे खूण. यात नुसते ओरखडे नसतात, टाकीने चर खोदतात. चराचे तोंड अरुंद आणि पोट रुंद ठेवतात आणि त्यात तार ठोकून भरतात. आत गेलेली तार पसरते आणि मग बाहेर येऊ शकत नाही. कोफ्तगरीत सोने कमी लागते आणि काम लवकर होते. तहनिशानात सोने जास्त, वेळ जास्त आणि टिकाऊपणाही जास्त.

‘सोन्याचे पाणी’ म्हटले की हे सगळे हात पुसले जातात. पाणी द्यायला ओरखडे लागत नाहीत, हातोडी लागत नाही, माणसाचे दिवस आणि त्याची दृष्टी लागत नाही.

गावांची नावे आणि कामाचे नाव

जगभर या कलेला वेगवेगळी नावे आहेत आणि त्यांपैकी बरीचशी गावांवरून किंवा मुलखांवरून पडली आहेत. इंग्रजांनी हे काम सीरियातल्या दमास्कस शहराशी जोडले आणि ‘डॅमसीनिंग’ म्हटले. स्पेनमधल्या तोलेदोचे कारागीर आजही हे काम करतात, त्यांचाही शब्द दमास्कसवरूनच. इटालियन भाषेत याला ‘आजेमिना’ म्हणतात. तो आला अरबीतल्या ‘अजम’वरून, म्हणजे अरबांच्या दृष्टीने परका मुलूख, विशेषतः इराण. आपल्याकडे बिदरी हे नाव बिदर शहरावरून.

ही नावे सांगतात की वस्तू कुठून आली. कोफ्तगरी हा शब्द सांगतो की वस्तू कशी झाली. बाकी नावे व्यापाऱ्याच्या वहीतली वाटतात, हे नाव कारागिराच्या ओट्यावरचे वाटते.

पंधराव्या शतकातला इजिप्तचा इतिहासकार मक्रीझी याने कैरो शहराचे बारकाईने वर्णन केले आहे. त्यात सोन्या-चांदीची तार ठोकून भरलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांचा एक स्वतंत्र बाजार येतो, आणि त्या बाजाराचे नाव याच ‘कोफ्त’च्या अरबी रूपावरून पडलेले आहे. पूर्वी अशी भांडी घराघरांत असत, आता मागणी घटली आणि कारागीर थोडेच उरले, अशी खंतही तो नोंदवतो. म्हणजे सहाशे वर्षांपूर्वीच कैरोत या कलेचा उतार सुरू झाला होता. शब्द तेवढा प्रवास करत पुढे गेला.

या भांड्यांमागे एक धार्मिक संदर्भही आहे. सोन्या-चांदीच्या भांड्यांत खाण्यापिण्याला पैगंबरांनी मनाई केली. श्रीमंतीचे असे प्रदर्शन जेवणाच्या जागी नको, हा त्यामागचा भाव. तांब्या-पितळेवर बारीक तार भरण्याच्या कलेला मुस्लिम देशांत बहर आला, त्यामागे हेही एक कारण असावे, असे काही अभ्यासक मानतात. भांडे साधेच, शोभा तेवढी तारेची.

घाट चढून गेले की बिदरी

खानदेशच्या माणसाला कोफ्तगरीचे जवळचे नातेवाईक पाहायचे असतील तर फार लांब जावे लागत नाही. अजिंठ्याचा घाट चढून छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला गेले की हिमरूच्या शालींबरोबर बिदरीच्या वस्तू दिसतात: काळ्याभोर अंगावर चांदीची नक्षी असलेल्या डब्या, सुरया, फुलदाण्या, हत्ती. हे काम मूळ बिदरचे. बिदर आज कर्नाटकात असले तरी भालकी, औरादच्या बाजूला मराठी घरोघर बोलली जाते.

बिदरीत पोलादाऐवजी जस्ताचे ओतकाम असते. जस्त पुष्कळ, तांबे थोडेसे. ओतीव वस्तू घासून गुळगुळीत करतात, मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरती काळी करतात म्हणजे तिच्यावर नक्षी रेखता येते. मग टाकीने कोरून चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. शेवटी खरी गंमत. बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर एकत्र कालवून तो लेप गरम वस्तूवर चोळतात. जस्त कायमचे काळे पडते, चांदीला काहीच होत नाही. रात्रीच्या आभाळात चांदणे उमटावे तशी नक्षी उठून दिसते.

इथल्या कारागिरांची भाषाही कोफ्तगरांच्याच घरातली. तारेचे काम ती तारकशी, पत्रा बसवला की तहनिशान, किंचित उठाव आला की जरनिशान, जास्त उठाव आला की जरबुलंद. ‘जर’ म्हणजे सोने. मराठीतली जरी तीच आणि मराठ्यांच्या जरीपटक्यातली जरीही तीच. बिदरमध्ये हे काम मुसलमान कारागिरांनी केले तसे लिंगायतांनीही केले. ठोकण्याचा आवाज ऐकून आतला कारागीर कोणत्या धर्माचा हे कुणाला सांगता आले नसते.

दरबारातून गेलेले, हातात राहिलेले

खानदेशात फार्सी आली ती फारुकी सुलतानांबरोबर. चौदाव्या शतकाच्या अखेरीस आजच्या धुळे जिल्ह्यातल्या थाळनेरला त्यांनी बस्तान बसवले. पुढे राजधानी बुऱ्हाणपूरला गेली. रावेरच्या पुढे, आज मध्य प्रदेशात असलेल्या या शहराच्या जामा मशिदीत सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातला एक शिलालेख आहे. अरबी लेखाच्या सोबतीला तिथे संस्कृत लेखही कोरलेला आहे. मशिदीच्या भिंतीवर संस्कृत, हे आज नवल वाटते. ते कोरवून घेणाऱ्या आदिलशाह फारुकीला, म्हणजे राजा अली खानाला, त्यात वावगे वाटले नाही. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला, फारुकी राज्य संपले आणि शाहजादा दानियालच्या नावावरून खानदेशला काही काळ ‘दानदेश’ म्हटले गेले.

त्याच अकबराच्या कारभाराचे वर्णन करणाऱ्या अबुल फजलच्या आईन-ए-अकबरीत दागिने घडवणाऱ्या कारागिरांची यादी आहे. तिच्यात मीनाकार आहे, जरकोब आहे, जरनिशान करणारा आहे आणि कोफ्तगरही आहे. म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द दरबारी कागदात नोंदवण्याइतका प्रतिष्ठित होता.

मराठीत फार्सी शब्दांचे काय झाले, हे पाहायचे तर धुळ्याचेच एक नाव आठवते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे शेवटचे दिवस धुळ्यात गेले, १९२६ च्या अखेरीस ते तिथेच वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात उभे राहिले. राजवाड्यांनी वेगवेगळ्या काळांतली मराठी पत्रे घेऊन त्यांतले फार्सी शब्द चक्क मोजले होते. शिवकाळाच्या आधीच्या पत्रात फार्सीचा भरणा प्रचंड, शिवकाळात तो पुष्कळ कमी आणि पेशवाईच्या आरंभी अगदी थोडा, असा त्यांचा निष्कर्ष होता. शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्याचाही हेतू कारभारातल्या यावनी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा होता. त्यात शस्त्रांसाठी स्वतंत्र वर्ग आहे.

पण हुकमाने पद बदलता येते, पदाचे नाव बदलता येते. कारागिराच्या तोंडचा शब्द तसा बदलत नाही, कारण तो कागदावर नसतोच. म्हणून पोलाद राहिले, म्यान राहिले, मीना राहिला, मुलामा राहिला, कारखाना आणि कारागीर राहिले. हत्यारांना धार-चकाकी देणारा तो शिकलगार. त्यातला ‘सैकल’ हा अरबी शब्द, अर्थ चकाकी देणे. शिकलगार हे आडनाव आज महाराष्ट्रात सर्वांच्या परिचयाचे आहे. आडनाव लावणाऱ्यांच्या घरात आता तलवार नसेल, कुणी शिक्षक असेल, कुणी मोटार दुरुस्त करत असेल. शब्दाने घर मात्र सोडले नाही.

कोफ्तगराला हे भाग्य मराठीत लाभले नाही. माधव जूलियन या नावाने कविता लिहिणारे माधव त्रिंबक पटवर्धन फार्सीचे प्राध्यापक होते. १९२५ मध्ये त्यांनी फार्सी-मराठी कोश सिद्ध केला. त्याला आता शंभर वर्षे झाली. असे कोश ग्रंथालयांच्या कपाटात आहेत, पण शब्द कोशात असणे वेगळे आणि ओठांवर असणे वेगळे.

एका तलवारीवर किती माणसे

रघुजींच्या तलवारीकडे पुन्हा वळू. ती ‘फिरंग’ जातीची. पाते सरळ, एकधारी आणि युरोपीय बनावटीचे. फिरंग हा शब्दच मुळी युरोपातल्या ‘फ्रँक’ लोकांच्या नावावरून अरबी-फार्सीमार्गे आलेला. मुठीचा घाट मुल्हेरी. मुल्हेर म्हणजे बागलाणातला तो बळकट किल्ला. बागलाण आज नाशिक जिल्ह्यात आहे, पण १८६९ मध्ये नाशिक जिल्हा वेगळा होईपर्यंत तो खानदेशचाच भाग होता. मुठीवर फार्सी नावाची कोफ्तगरी. पात्याच्या पाठीवर देवनागरी अक्षरे, त्यांत रघुजींचे नाव आणि ‘सेनासाहेबसुभा’ हा छत्रपती शाहू महाराजांकडून मिळालेला किताब. त्या किताबातही ‘सेना’ संस्कृत, तर ‘साहेब’ आणि ‘सुभा’ अरबीतून आलेले.

एका हत्यारावर इतक्या भाषा सुखाने नांदतात. ते हत्यार होते, शोभेची वस्तू नव्हे, आणि ते चालवणाऱ्याने बंगाल-ओरिसापर्यंत धडक मारली होती, हेही विसरायचे कारण नाही. लढायांच्या काळातही कारखान्यात माणसे एकमेकांच्या हाताखाली काम करत होती.

तलवारीच्या वर्णनात धन्याचे नाव आहे, पाते कुठले तेही आहे. मूठ सजवणाऱ्याचे नाव नाही. त्याच्याबद्दल आपल्याकडे असलेला पुरावा म्हणजे त्याच्या कामाचे नाव, ‘कोफ्तगरी’. तेही ‘सोन्याचे पाणी’ करून टाकले तर तो माणूस दुसऱ्यांदा पुसला जातो.

कोफ्तगरांचा धंदा बसला तो इंग्रजी अमलात. संस्थानी फौजा मोडल्या, १८७८ च्या हत्यारबंदीच्या कायद्याने शस्त्रे बाळगण्यावर कडक निर्बंध आले. पंजाबात सियालकोट, गुजरात शहर आणि आसपासचे कोफ्तगर मग साहेबांच्या दिवाणखान्यासाठी तबके, कलमदाने आणि पेट्या करू लागले. पुढे सियालकोटच्या धातुकामाने शस्त्रक्रियेच्या उपकरणांत नाव काढले. तलवारी घडवणाऱ्यांच्या गावात चाकू आणि चिमटे तयार होऊ लागले, माणूस मारण्याऐवजी वाचवण्यासाठी. भारतात राजस्थानात ही कला तग धरून आहे. उदयपूरच्या कोफ्तगरीला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बिदरीला ते आधीच मिळालेले आहे. मानांकनाने नावाला संरक्षण मिळते. नाव उच्चारणारी तोंडे आणि ठोकणारे हात मात्र समाजालाच सांभाळावे लागतात.

तिसरा अर्थ

कोफ्ता झाला, कोफ्तगरी झाली. उर्दूत या घराण्यातला आणखी एक शब्द रोजच्या बोलण्यात आहे: नुसता ‘कोफ्त’. बस चुकली, कुणी शब्द देऊन फिरला, घरात कुणी लागेल असे बोलले, तर माणूस म्हणतो, ‘बडी कोफ्त हुई’. कोफ्त म्हणजे मनस्ताप, जिवाची घालमेल. शब्दशः पाहिले तर मन कुटले गेले. खलबत्त्यात मांस, हातोडीखाली सोने आणि आयुष्यात माणूस, तिघांना मारलेल्या घावांचे नाव एकच.

रमजानमध्ये हा तिसरा अर्थ अधिक जवळचा वाटतो. ‘रमजान’ हा शब्द ज्या अरबी धातूवरून आला त्याचा अर्थच प्रखर ताप, होरपळ. खानदेशच्या उन्हात रोजा धरणाऱ्याला त्याची व्याख्या समजावून सांगावी लागत नाही. पण हा महिना केवळ उपाशी राहण्याचा नाही. रोजेदाराशी कुणी भांडायला आले तर त्याने ‘मी रोजेदार आहे’ एवढेच म्हणून बाजूला व्हावे, अशी पैगंबरांची शिकवण आहे. पोट तापवणे हा कामाचा पहिला भाग. स्वभावावर हातोडी चालवणे हा पुढचा, अधिक कठीण भाग. जिभेवर, रागावर, हावेवर, एकेक टोला.

कुरआनच्या सत्तावन्नाव्या अध्यायाचे नावच ‘अल-हदीद’ म्हणजे लोखंड. लोखंडात जबर ताकद आहे आणि माणसांसाठी उपयोगही आहेत, असे तिथे म्हटले आहे. दाऊद पैगंबरांसाठी ईश्वराने लोखंड मऊ केले आणि ते कड्या जुळवून चिलखत करत, असेही कुरआन सांगते. राजा असलेला पैगंबर हाताने लोखंड घडवतो, ही कल्पना कष्टकऱ्याला किती मोठा मान देते! मराठी माणसाला यापेक्षा वेगळे काय ठाऊक आहे? टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे आपल्या आज्या सांगत आल्या आहेत. बिदरचा शिल्पी आणि पाथरवट यांचे अनुभव एकच.

याच महिन्यात बहुतेक मुस्लिम घरांत जकातीचा हिशोब होतो. साडेसात तोळे सोन्याची किंवा ठरावीक चांदीची मर्यादा, तेवढी ऐपत वर्षभर राहिली असेल तर शेकडा अडीच टक्के गरिबांचा हक्क. सराफाच्या तराजूवर दागिना ठेवला जातो आणि साधारणपणे सोन्याची किंमत धरली जाते, घडणावळ धरली जात नाही. हिशोब म्हणून ते ठीकच. पण त्या घडणावळीत कुणाचे तरी डोळे आणि कुणाची तरी बोटे खर्ची पडलेली असतात, हे हिशोबाबाहेर लक्षात ठेवायला कुणाची मनाई नाही. जळगावच्या सराफ बाजारामागच्या गल्ल्यांत आजही बंगालमधून आलेले कारागीर दिव्याखाली वाकून बसलेले असतात. दागिना घेणाऱ्याला दुकानाचे नाव माहीत असते, त्यांचे नसते.

मुलामा आणि कोफ्त यांतला फरक शेवटी एवढाच. मुलामा गुळगुळीत पृष्ठभागावर चढतो आणि गुळगुळीतपणेच निघून जातो. कोफ्तीला आधी ओरखडे लागतात. पोलाद थोडे दुखावून घेते आणि सोने थोडे ठोकून घेते, तेव्हा दोघे एकमेकांना सोडत नाहीत. खानदेशातल्या भाषा आणि माणसे अशीच एकमेकांत बसली आहेत. ओरखडे आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण मराठीतून पोलाद, म्यान, मीना, जरी उपसून काढायला कुणी बसले तर त्याच्या लक्षात येईल की हे चढवलेले पाणी नव्हे, ठोकून बसवलेली तार आहे.

रघुजींची तलवार पुढे ज्या संग्रहालयात कायमची विसावेल, तिथल्या पाटीवर ‘सोन्याचे पाणी’ऐवजी ‘कोफ्तगरी’ हा शब्द आला, आणि खाली दोन ओळींत तो समजावला, तर त्याला फारसा खर्च येणार नाही. शाळेच्या सहलीतला एखादा मुलगा ती पाटी वाचेल आणि विचारेल, हा कोफ्ता तलवारीवर कसा गेला? त्या मुलाला उत्तर देता यावे, म्हणून शब्द जपायचा.

तोवर आज संध्याकाळी मगरिबची अजान होईल, खजुराने रोजा सुटेल आणि कोफ्त्याची एखादी झाकलेली वाटी नेहमीप्रमाणे शेजारच्या घरी जाईल. शेजारी शाकाहारी असतील तर दुधीच्या कोफ्त्यांची. वाटी रिकामी परत पाठवायची नाही, ही रीत दोन्ही घरांत सारखीच आहे.